कारभाऱ्याला कपडे लागतात किती?

आज आम्ही पुरुषांच्या कपड्यांविषयी बोलणार आहोत. हसू नका. बायकांच्या कार्यक्रमात गड्यांचे कपडे कशाला, असं कुणी म्हणेलही. पण बाजाराच्या दिवशी बनियनचा भाव कोण करतं? तुटलेलं बटण कोण लावतं? शर्टाच्या गळ्याला ब्रश मारून मारून हात कुणाचे भरून येतात? कपडे त्यांच्या अंगावर असले तरी हिशेब आणि बादली आपल्याकडेच आहे.

आधी घरातली पेटी उघडून बघा. आमची खात्री आहे, तळाशी पाचसहा शर्टपीस, दोनचार पॅन्टपीस आणि टोपी-टॉवेलची चळत निघेल. मेहुण्याच्या लग्नातला आहेर, वास्तुशांतीचा, बारशाचा, कुणाच्या तरी सत्काराचा. यातलं बरंचसं शिवलंच जात नाही, कारण शिलाई कापडाच्या किमतीपेक्षा जास्त पडते. मग तोच पीस पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या अंगणात जातो, तिथून तिसऱ्याच्या. गावात काही पीस असे आहेत की त्यांनी आपल्यापेक्षा जास्त लग्नं पाहिलीत! पेटी भरलेली असते आणि रानात जाताना कारभारी काखेत उसवलेला शर्ट घालून निघतात. तेव्हा कपडे मोजायचे ते कामावरून मोजा, समारंभावरून नाही.

शेतात किंवा मजुरीला जाणाऱ्या माणसाला कामाचे तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत, एक पावसाळ्यात न वाळलेल्याच्या बदली. गावात, बँकेत, दवाखान्यात जायला दोन जोड. लग्नकार्याला एक चांगला जोड. मामंजी धोतर किंवा पायजमा-नेहरू शर्ट घालत असतील तर तोच हिशेब त्यांनाही लागू. बनियन आणि आतल्या चड्ड्या मात्र चार-चार हव्यात, त्यात कसर करू नका. शिवाय टॉवेल ज्याचा त्याला वेगळा.

आता कापड. टेरीकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण. पुष्कळदा त्यात ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग सूत असतं. ते लवकर वाळतं, चुरगळत नाही, टिकतं. म्हणून गावात जायच्या जोडाला ते बरं. पण उन्हात कामाला सुतीच घ्या. सूत घाम शोषतं, तो वाळताना अंगाला गारवा मिळतो. पॉलिएस्टरमध्ये घाम अंगालाच चिकटून राहतो. दुकानदार सगळ्यालाच 'प्युअर कॉटन' म्हणतो. खात्री करायची तर कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिएस्टरचा दोरा वितळून आकसतो आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्रण असेल तर थोडं हे, थोडं ते.

कापड घेऊन शिवायचं असेल तर पन्हा विचारा. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्याचं सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, पॅन्टला ५८ इंची पन्ह्याचं सव्वा मीटर. अंगानं मोठा माणूस असेल तर थोडं जास्त. सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. आटायचं ते आधीच आटू दे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर बाही मनगटाच्या वर येते. तयार शर्ट घेताना आकड्यावर विसंबू नका. काही शर्टांवरचा ४० म्हणजे गळ्याचे सेंटिमीटर असतात, काहींवर छातीचे इंच. घरातला अंगाला नीट बसणारा शर्ट टेपनं मोजा, ते माप चिठ्ठीवर लिहून न्या आणि दुकानात टेप लावूनच घ्या. शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. गळ्याचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत. कॉलर घासून फाटली म्हणून शर्ट टाकू नका. ती उसवून उलटी लावून घेता येते. जुने शिंपी हे सहज करून देतात, गटात शिवण येणारी कुणी असेल तर तीही करील.

आतल्या कपड्यांचं बोलायला आपण लाजतो. पण गजकर्ण, नायटा घरात येतो तो पुष्कळदा इथूनच. नायलॉनची घट्ट चड्डी, त्यात दिवसभराचा घाम, वर ओलसर टॉवेल सगळ्यांचा एकच. मग एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं लेकरांना. सुती घ्या, रोज बदलायला लावा. आणि लाजेपायी लुगड्याखाली झाकून वाळत घालू नका, उघड्या उन्हात वाळवा. मेडिकलमधून मनानं आणलेली मलमं लावू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉईड असतं. खाज थांबते, पण नायटा पसरतो.

लेक नोकरीच्या मुलाखतीला शहरात निघाला असेल तर त्याला एक फिक्या रंगाचा पूर्ण बाहीचा शर्ट, एक गडद निळी किंवा काळी पॅन्ट, पट्टा आणि पायात बूट, एवढंच घ्या. गडद पॅन्टवर कुठलाही शर्ट चालतो. म्हणून पॅन्ट चांगली घ्यावी, शर्ट साधा चालेल. कारखान्यात काम लागलं तर मशीनजवळ गळ्यात रुमाल किंवा लोंबती बाही नको, एवढं बजावून पाठवा. आणि जाण्याआधी त्याला कपडे धुवायला शिकवा. शहरात त्याची आई बादली घेऊन येणार नाही.

आता आम्हाला खरं बोलायचं आहे ते एका अशा जोडाबद्दल, जो कुणी विकत घेत नाही, आहेरात देत नाही आणि पेटीत कधी सापडत नाही. फवारणीचा जोड.

२०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, काहींच्या डोळ्यांना इजा झाली. ही माणसं औषध प्यायली नव्हती. ते त्यांच्या श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलं. आपल्याला वाटतं विष म्हणजे तोंडावाटे. पण फवारलेलं औषध कपड्यावर पडतं, कापड ओलं होतं, ते अंगाला चिकटतं आणि तासन् तास कातडी ते पीत राहते. त्यातही सगळी कातडी सारखी नसते. जांघेची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त औषध शोषते. आणि पिकातून चालताना नेमकी मांडीपासूनच पॅन्ट ओली होते. पाठीवरचा पंप गळत असेल तर पाठ आणि कंबर भिजते. अशा वेळी बनियन आणि अर्धी चड्डी घालून फवारणारा माणूस पाहिला की आमच्या पोटात गोळा येतो.

या जोडाला नवं कापड लागत नाही. जुना, जाड, पूर्ण बाहीचा, न फाटलेला शर्ट आणि तशीच पूर्ण पॅन्ट बाजूला काढा. त्यावर पुढून छातीपासून गुडघ्याखालपर्यंत जाड प्लास्टिकचं एप्रन. ताडपत्रीच्या दुकानात असं प्लास्टिक मीटरवर मिळतं, नाड्या लावल्या की झालं. तसाच एक तुकडा पाठीवर, पंपाच्या खाली. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी हातमोजे. पायात गमबूट, आणि पॅन्ट बुटात खोचायची नाही, बुटावरून खाली सोडायची, म्हणजे ओघळ बुटाच्या आत जात नाही. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. तो ओला झाला की औषध नाकापाशीच धरून ठेवतो. मास्क कृषी सेवा केंद्रातून औषधाबरोबरच मागून घ्या. डब्यावरच्या चौकोनात खालच्या अर्ध्या भागाचा रंगही बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही.

आणि बायांनो, औषध कालवायला, पाणी नेऊन द्यायला आपणच असतो. डब्यातलं औषध तर पंपातल्यापेक्षा कितीतरी तीव्र. तेव्हा हातमोजे आणि एप्रन दोन-दोन हवेत. दुसरं आपल्यासाठी.

फवारणी झाली की तो जोड घरात आणायचा नाही. गोठ्याच्या बाजूला किंवा अंगणातच उतरवायचा, माणसानं साबण लावून अंघोळ करायची, मग चहा, मग विडी-तंबाखू. कपडे त्याच दिवशी धुवायचे, कारण औषध कापडात मुरलं की निघायला अवघड. घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, लेकरांच्या दुपट्यांत तर मुळीच नाही. हातमोजे घाला. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाणी आणि साबणाची पावडर, आणि हे दोनदा. ते पाणी विहीर, ओढा, गुराढोरांची दावण यांच्यापासून लांब ओता. कपडे उन्हात, इतर कपड्यांपासून वेगळे वाळवा. बादली परत साबणानं धुवा. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर हे काम तिला लावू नका. खरं तर ज्यानं फवारलं त्यानंच आपला जोड धुवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. डब्यातलं घट्ट औषध कपड्यावर सांडलं असेल, तर तो कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नका. पुन्हा कुणी वापरणार नाही असा फाडून वेगळा पुरून टाका, पाण्यापासून दूर.

फवारताना किंवा नंतर डोकं दुखू लागलं, मळमळ, उलटी, भरमसाट घाम, डोळ्यांपुढे धूसर असं काही झालं तर आधी अंगावरचे कपडे काढा, साबणपाण्यानं अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवता येतो. लिंबू-मीठ, ताक पाजत घरी बसू नका.

ज्या गटांत शिलाई मशीन आहे त्यांनी प्लास्टिकची एप्रनं एकदम कापून घेतली तर स्वस्त पडतील. एका एप्रनला साधारण सव्वा मीटर प्लास्टिक धरा, शिवणीऐवजी कडेला दुहेरी घडी घालून नाडीसाठी भोकं पाडा. जितकी कमी शिवण, तितकी गळती कमी. पुढच्या बैठकीला येताना घरातून टेपनं दोन मापं लिहून आणा. गळ्यापासून नडगीपर्यंतची लांबी आणि पोटाचा घेर. आणि पेटीतला एक जुना, पूर्ण बाहीचा शर्टही.