काट्याचा दुभाषा

मोंढ्यात पूर्वी माप होई ते सर्वांच्या डोळ्यांदेखत. तराजूची दांडी कोठे झुकली हे शेतकऱ्यालाही दिसे आणि हमालालाही. आता मालाची गाडी भुईकाट्यावर उभी राहते, आकडा काट्याच्या डब्यावर उमटतो, तेथून एका वायरीने संगणकात जातो आणि पावतीवर छापून बाहेर येतो. ही वायर कोणी तपासली आहे काय, असे फारसे कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्या वायरीविषयीच बोलणार आहोत.

प्रथम ही वायर लागते कशाला ते पाहू. पुष्कळ काटे अजून ज्या रीतीने बोलतात तिचे नाव आरएस-२३२. ही रीत अमेरिकेत १९६० साली ठरली. तीत प्रत्येक अक्षराचे बिट एकामागून एक अशा क्रमाने एकाच तारेवरून जातात. ऋण व्होल्टेज म्हणजे १, धन व्होल्टेज म्हणजे ०. पुढे १९९६ साली यूएसबी आले आणि हळूहळू नव्या संगणकांवरून जुने नऊ पिनांचे तोंड नाहीसे झाले. काटा एक भाषा बोलतो, संगणक दुसरी. म्हणून दोघांमध्ये चिप असलेली वायर बसवितात. ती नुसती वायर नव्हे, तो दुभाषा आहे. आणि दुभाषा चुकला तर खरे बोलणाराही खोटा ठरतो.

आम्हांस हे अनुभवाने कळले. काही वर्षांपूर्वी लातूर भागात सोयाबीनच्या हंगामात एका गाडीची काट्यावरची पावती आणि उतरलेल्या पोत्यांची बेरीज यांत सात क्विंटलांचा फरक पडला. संशय आला तो हमालांवर. त्यांची हमाली अडकली. आम्ही त्या दिवसाच्या पावत्या मागविल्या, तर लागोपाठच्या दोन गाड्यांचे भरलेले वजन किलोपर्यंत एकच! दुभाषा मध्येच गप्प झाला होता आणि संगणकाने आधीच्या गाडीचा आकडा दुसरीच्या नावावर छापला होता. हमाली मिळाली, पण चार दिवस चोर म्हणवून घेतले, त्याची भरपाई कोणत्या पावतीवर मिळणार?

त्यानंतर नांदेडला संगणक दुरुस्त करणाऱ्या तरुणांजवळ बसून आम्ही या वायरीची परीक्षा शिकलो. ती तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी सोपी. वायरीच्या नऊ पिनांपैकी दोन क्रमांकाची पिन ऐकण्याची, तीन क्रमांकाची बोलण्याची. या दोन्ही तारेच्या तुकड्याने जोडाव्या आणि संगणकावर काही अक्षरे टाइप करावी. ती परत आली पाहिजेत. मग तुकडा काढावा. अक्षरे येणे थांबले पाहिजे. न थांबले, तर ती अक्षरे वायरीतून येतच नव्हती, संगणक आपलीच आपल्याला दाखवीत होता. मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. स्वतःशी बोलणाऱ्याचे बोलणे स्वतःला नेहमीच समजते.

म्हणून दुसरी पायरी प्रत्यक्ष काट्याशी. दोहोंकडे वेग एकच ठरलेला हवा. सेकंदाला ९६०० बिटांचा वेग असेल, तर एका अक्षराला बहुधा १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे जातात. काटा रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला असताना डब्यावरचा आणि पडद्यावरचा आकडा ताडून पाहावा. संगणकाच्या सांकेतिक लिपीत ४ आणि ० यांत फक्त एका बिटाचा फरक आहे. तो एक बिट बिघडला की १४,३४० किलोचे १०,३४० होतात. चाळीस क्विंटल गेले, आणि आकडा दिसायला अगदी सरळ!

तिसरी पायरी धीराची. १ पासून १०,००० पर्यंत क्रमांक घातलेल्या ओळी जोडलेल्या पिनांतून पाठवाव्या आणि परत आलेल्या ओळींशी ताडाव्या. हे करताना पंखे, मोटारी चालू ठेवाव्या, जोड हलवून पाहावा. वायर काढून दुसऱ्या तोंडात घातली, तर संगणक तिला नवा क्रमांक देऊ शकतो आणि पावतीचा प्रोग्रॅम जुन्याच दारावर कान लावून बसतो. शेवटी वायर मुद्दाम उपसावी. पडद्यावर ‘वजन येत नाही’ असे आले पाहिजे. जुनाच आकडा कायम राहिला, तर दोष प्रोग्रॅमचा आहे. वायर बदलून तो जाणार नाही.

वायर घेतानाही सावध असावे. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआय या स्कॉटलंडच्या चिप-कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांक पुसून शून्य केला. तो ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटबरोबर घरोघर गेला आणि चालत्या वायरी एकाएकी मुक्या झाल्या. नकली माल कोणी केला आणि भुर्दंड कोणाला बसला, हे श्रोत्यांनीच पाहावे.

वजनमापांच्या कायद्याची मोहोर काट्यावर असते. ती काट्याची साक्ष देते. रोज हिसके खाणाऱ्या वायरीची साक्ष ती वर्षभर कशी देणार? १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीला आधार दिला. पण जेथे मजुरी क्विंटलावर ठरते तेथे तो क्विंटल आता या वायरीतून येतो. म्हणून आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक हंगामापूर्वी ही परीक्षा व्हावी, ती शेतकरी, मापाडी आणि हमाल यांच्यासमोर व्हावी, आणि वहीत तिची नोंद राहावी. दांडी डोळ्यांसमोरून गेली. निदान तपासणी तरी डोळ्यांसमोर होऊ द्या.