खिशातला चाकू : निवड आणि सराव

'चाकू' हा शब्द कानावर पडला की आपल्या मनात पहिल्यांदा उभी राहते ती मारामारी. वर्तमानपत्रातील 'चाकूहल्ला' आणि हिंदी चित्रपटातील 'रामपुरी' या दोघांनी मिळून या शब्दाचा जणू ताबाच घेतला आहे. १९६५ सालच्या 'वक्त' चित्रपटातील राजकुमारचा चाकूवरचा संवाद तर ज्यांनी तो चित्रपट पाहिला नाही त्यांनाही ठाऊक असतो. वास्तविक हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचा तुर्की भाऊबंद आजही खिशात ठेवायच्या, मिटणाऱ्या छोट्या चाकूलाच लावतात. पेन्सिलीला टोक करणे, पेरू कापणे, पुडक्याची सुतळी तोडणे ही त्याची खरी कामे. तेव्हा असा चाकू निवडावा कसा आणि हाताला त्याची सवय करावी कशी, याचा थोडा विचार येथे करू.

चाकूची घडण पाहिली की तो कशासाठी केला आहे हे बरेचसे कळते. उत्तर प्रदेशातील रामपूरचा प्रसिद्ध चाकू घ्या. त्याचे पाते लांब, टोक अणकुचीदार आणि खटका दाबताच ते उघडणार. कारागिरी उत्तम, यात शंका नाही. परंतु क्षणात उघडण्याची पेरू कापणाऱ्याला गरज काय? याच्या उलट उदाहरण फ्रान्समधील ओपिनेल चाकूचे. आल्प्स पर्वतातील साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० साली तो तयार केला. त्याचे वडील शेतीची धारदार अवजारे बनवीत. बीच झाडाच्या लाकडाची मूठ, तिला दिलेली खाच, खाचेत मिटणारे पाते, एक खिळा आणि धातूची पट्टी, एवढाच सगळा संसार. १८९७ साली त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत बारा आकार ठरविले आणि त्यांना १ ते १२ असे क्रमांक दिले. पुढे १९३०च्या दशकात त्यांतील १ आणि ११ हे क्रमांक बंद झाले. हा चाकू उघडायला दोन्ही हात लागतात. पात्यावरच्या खाचेत नख अडकवायचे आणि ते सावकाश बाहेर ओढायचे. शेतकऱ्याला पाव आणि चीज कापण्यासाठी एवढे पुरेसे होते.

म्हणून चाकू निवडताना पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : मी रोज काय कापणार? बहुतेकांचे प्रामाणिक उत्तर फळ, दोरा, कागद, पुठ्ठा असेच येईल. या कामांना सात-आठ सेंटिमीटरचे पाते भरपूर होते. ओपिनेलचा सर्वांत खपाचा ८ क्रमांकाचा चाकू साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आहे. ६ क्रमांकाचे पाते सुमारे सात सेंटिमीटरचे. लहान खिशाला आणि लहान हाताला दुसराच बरा. पाते जितके लांब तितके काम चांगले, ही समजूत चुकीची आहे. लांब पात्याचे टोक आपल्या नजरेपासून आणि ताब्यापासून दूर जाते, आणि इजा बहुधा तेथेच होते.

दुसरा प्रश्न पाते उघडे राहते कशाने, हा. जुन्या धर्तीच्या चाकूत मुठीच्या पाठीला एक कमान असते. ती पात्याला दाबून धरते, परंतु अडकवीत नाही. स्वित्झर्लंडच्या सैनिकांचा १८९१ सालचा चाकू याच जातीचा. त्या सैन्याच्या नव्या रायफलीचे भाग सोडवायला पेचकस हवा होता आणि डबे उघडायला साधन हवे होते. म्हणून पाते, आरी, पेचकस आणि डबा उघडणी एकाच मुठीत बसविण्यात आली. त्यावरूनच कार्ल एल्सनर याचा १८९७चा 'ऑफिसर चाकू' निघाला आणि जगभर गेला. अशा चाकूवर पात्याच्या पाठीकडून दाब आला तर तो बोटांवर मिटू शकतो. यावर मार्सेल ओपिनेल याने १९५५ साली सोपा तोडगा काढला. बिजागरीभोवती चीर असलेले एक फिरते कडे बसविले. पाते उघडून कडे फिरवले की चीर बाजूला सरकते आणि पाते मिटू शकत नाही. सन २०००पासून हेच कडे मिटलेले पातेही जागच्या जागी अडकवून ठेवते, त्यामुळे ते खिशात आपोआप उघडत नाही. नवख्या माणसाने अडकणारा चाकूच घ्यावा. मात्र अडकवण्याची युक्ती कोणतीही असो, तिच्या भरवशावर हात सैल सोडू नये.

तिसरा प्रश्न पोलादाचा. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण त्याला गंज चढतो. लिंबू किंवा कैरी कापली की ते काळवंडते. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात असे पाते दोन दिवस ओले राहिले तर त्यावर तांबूस डाग दिसू लागतील. न गंजणाऱ्या पोलादाला धार लावायला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु दमट हवेच्या प्रदेशात राहणाऱ्याने तेच घेणे शहाणपणाचे. लाकडी मुठीचाही एक गुण लक्षात ठेवावा. ओल्या हवेत लाकूड फुगते आणि पाते खाचेत घट्ट रुतते. साव्हुआतील लोक अशा वेळी नखाशी झटत बसत नाहीत. ते आधी कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटतात. पाते थोडे बाहेर येते आणि मग चिमटीत धरून उघडता येते. आषाढ-श्रावणात आपल्यालाही ही युक्ती उपयोगी पडेल.

आता सरावाविषयी. येथे आपली एक खास अडचण आहे, ती म्हणजे विळी. विळीचे पाते स्थिर असते. आपण दोन्ही हातांनी भाजी धरतो आणि पात्यावर नेतो. चाकूत सगळे उलटे होते. वस्तू स्थिर राहते, पाते चालते आणि वस्तू धरणारा दुसरा हात पात्याच्या वाटेत सापडतो. विळीवर सरावलेला माणूस चाकू हाती आला की नकळत पाते अंगठ्याकडे ओढतो, त्याचे कारण हेच. यासाठी पहिले काही दिवस एकच नियम पाळावा. कापायचे ते फळीवर किंवा ताटलीत ठेवून. पाते नेहमी अंगापासून दूर जाईल असे. दुसऱ्या हाताची बोटे आत वळवून धरावीत. पात्यापुढे बोट, मांडी किंवा शेजाऱ्याचा हात नाही ना, हे पाहूनच जोर लावावा.

मिटणे हे उघडण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. कडे मोकळे करावे, मूठ दोन्ही बाजूंनी धरावी, खाचेवर बोट नाही याची खात्री करावी आणि मग पात्याची पाठ तळहाताने ढकलावी. घरी बसून ही क्रिया सावकाश पंचवीस-तीस वेळा केली की हात ती शिकतो. दुसऱ्याला चाकू द्यायचा तो मिटूनच. पात्याने डब्याचे झाकण उचकटू नये, स्क्रू फिरवू नये. टोक मोडते ते अशाच कामात.

बोथट चाकू सुरक्षित असतो, ही समजूत सर्वांत घातक. बोथट पात्यावर जोर लावावा लागतो, ते घसरते आणि जोर बोटावर उतरतो. धार पाजवायला मध्यम दाण्याचा कुरुंदाचा दगड पुरे. पाते दगडावर काटकोनात उभे धरावे, तो कोन निम्मा करावा, पुन्हा निम्मा करावा. उरलेल्या बावीस अंशांहून किंचित कमी कोन ठेवला की झाले. दोन्ही बाजू सारख्या वेळा घासाव्यात आणि शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने फिरवावे. धार अंगठ्यावर पाहू नये. वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला की ती चांगली आहे असे समजावे. काम झाल्यावर पाते पुसून, कोरडे करून मिटावे आणि बिजागरीत अधूनमधून तेलाचा एक थेंब सोडावा.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी विसरता कामा नये. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात; घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेले त्यांतून वगळले आहेत. आपला छोटा चाकू या मापात बसत नाही. तरीही पोलिसांचा मनाई हुकूम असताना, मिरवणुकीत किंवा मोर्चात, परीक्षागृहात आणि विमानाच्या प्रवासात हातातील सामानात तो असू नये. महाविद्यालयाच्या आवाराचा नियमही आधी विचारून घ्यावा. 'कशाला जवळ ठेवला आहे?' असे कोणी विचारले आणि 'वेळ आली तर असावा म्हणून' एवढेच उत्तर सुचले, तर तो चाकू घरीच ठेवलेला बरा. ज्याला 'पेरू कापायला' असे सहज सांगता येते आणि ज्याच्या पात्याला खरोखरच पेरूचा वास येतो, त्याने तो खुशाल वापरावा.