परदेशी वनस्पतींची आयात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशातून बी-रोपे आणण्यावर सरकारने घातलेले निर्बंध हे हौशी बागाईतदारांच्या आणि शेतीत नवे प्रयोग करू पाहणाऱ्यांच्या नाराजीचे जुने कारण आहे. परंतु त्या नाराजीमागील समजुती वस्तुस्थितीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : परक्या मुलखातील प्रत्येक वनस्पतीला कायद्याने मज्जाव आहे.
वस्तुस्थिती : पिकांना घातक किडींविषयीच्या 1914 च्या भारतीय कायद्यान्वये वनस्पती-आयातीसाठी काढलेल्या 2003 च्या आदेशात सरसकट बंदी नाही, काही वनस्पतींना विशिष्ट देशांतून मनाई, काहींना अटींवर मुभा, आणि लागवडीच्या मालाला आयात परवाना व निर्यातदार देशाचा आरोग्य-दाखला, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी आहे. मिरची, बटाटा आणि काजू ही अमेरिका खंडाचीच देणगी होय; तेव्हा प्रश्न जन्मभूमीचा नसून, येणारी वनस्पती येथे कशी फोफावेल आणि सोबत काय आणील, हा आहे.

गैरसमज : शोभेच्या झाडापासून अपाय संभवत नाही.
वस्तुस्थिती : घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठीच आणली गेली, परंतु तिची काळीभोर फळे खाऊन पक्ष्यांनी बिया रानोमाळ पसरविल्या, आणि जिच्या पाल्याने गुरांना विषबाधा होते अशा त्या काटेरी झुडपाच्या जाळीखाली आज चराईची राने गुदमरत आहेत.

गैरसमज : रोप टवटवीत दिसले, की ते निर्धोक.
वस्तुस्थिती : मुळांना चिकटलेल्या मूठभर मातीत सूत्रकृमी, बुरशी आणि तणांचे बी डोळ्यांना न दिसता प्रवास करू शकते, म्हणूनच मातीच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत, आणि काही रोपे देशात आल्यावरही ठरावीक मुदतीपर्यंत अलग ठेवून तपासली जातात.

गैरसमज : उपद्रव दिसताच झाड उपटून टाकता येईल.
वस्तुस्थिती : 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेल्या गाजरगवताचे एकेक झाड हजारो बिया धरते, आणि ते उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटून त्वचारोग जडू शकतो, या गवतावर उपाय म्हणून मेक्सिकोतील भुंगेरे 1984 मध्ये बंगळूर भागात सोडण्यात आले, त्यांनी पाने फस्त केली, तथापि गवताचे निर्मूलन झाले नाही.

परवान्यास दिरंगाई होत असेल किंवा नकाराची कारणे सांगितली जात नसतील, तर त्या तक्रारीची दाद अवश्य लागली पाहिजे. परंतु त्यासाठी तपासणीच उठवावी, ही मागणी मान्य करता येणार नाही, कारण चुकून दिलेला नकार उद्या मागे घेता येतो, पण शिवारात पसरलेले तण मागे घेण्याचा अधिकार कोणत्याही सरकारच्या हाती उरत नाही.