डोळ्याखालची जाळी : महाग तीच चांगली का?

मोटारसायकलवरून पडणे, क्रिकेटचा चेंडू, भांडणातला ठोसा, बांधकामावर निसटलेला बांबू. डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडायला एवढे पुरते. मग डॉक्टर घरच्या माणसाला बाजूला घेऊन विचारतात, "जाळी कोणती बसवायची?" स्वस्त म्हणावी तर आपल्या माणसाच्या डोळ्याचा प्रश्न, महाग म्हणावी तर कर्ज. अशा वेळी काय विचारावे, हे वाचकांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

खोबणीचा बाहेरचा काठ मजबूत असतो. आतला तळ मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. नाकाकडची भिंत त्याहून पातळ. तिचे लॅटिन नावच कागदावरून पडले आहे. १९५७ साली स्मिथ व रेगन या अमेरिकेतील डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून हातोडा मारून पाहिला. काठ शाबूत राहिला, तळ फुटला. त्या भोकातून चरबी व स्नायू खाली उतरतात, डोळा आत ओढला जातो, एकाचे दोन दिसतात. जाळीचे काम एवढेच, की भोक झाकून डोळ्याला खालून आधार द्यायचा.

म्हणून पहिला प्रश्न जाळी कोणती हा नाही, तर जाळी लागते का, हा आहे. भेग लहान असेल, दोन-दोन दिसत नसेल, डोळा खोल गेला नसेल, तर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवून भागते. मोठ्या माणसाची सूज उतरेपर्यंत, साधारण दोन आठवड्यांपर्यंत, थांबताही येते. मुलांचे तसे नाही. त्यांचे लवचीक हाड झडपेसारखे उघडून पुन्हा मिटते आणि स्नायू त्यात चिमटला जातो. वरून डोळा पांढराशुभ्र दिसतो, पण मूल वर पाहू शकत नाही, ओकाऱ्या काढते, नाडी मंदावते. डोक्याला मार लागला असेल म्हणून कित्येकदा डोळा बघायचाच राहून जातो. अशा मुलाला एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया लागते.

आता जाळीकडे वळू. जुनी पद्धत म्हणजे रोग्याचेच हाड, कमरेचे किंवा कवटीचे. विकत आणावे लागत नाही, शरीर ते नाकारत नाही. पण दुसरी जखम होते, कमर दुखते, आणि ते हाड पुढे किती झिजेल हे आधी सांगता येत नाही. लहान भोकाला कानाची किंवा नाकाच्या पडद्याची कूर्चाही चालते. टायटॅनियमची जाळी पातळ, मजबूत, हवी तशी वाकणारी. सिटी स्कॅनमध्ये ती स्पष्ट दिसते, त्यामुळे नीट बसली की नाही ते कळते. पुढे एमआरआयही करता येतो. दोष असा, की मांस तिच्या छिद्रांत रुजते आणि काढायची वेळ आली तर फार त्रास होतो. सच्छिद्र पॉलिथिलीन मऊ कडांचे असते, पण नुसते असले तर स्कॅनमध्ये जवळजवळ दिसत नाही. आपोआप विरघळणारे पत्रे लहान भोकांसाठी आणि मुलांसाठी ठीक; मोठ्या भोकावर ते विरघळल्यावर डोळा पुन्हा खचू शकतो. सिलिकॉनचा पत्रा स्वस्त, पण तो वर्षांनंतरही सरकतो किंवा पिकतो. रोग्याच्या स्कॅनवरून घडवलेल्या जाळ्याही आता मिळतात. दोन भिंती एकदम मोडल्या असतील तर त्यांचा खरा उपयोग. साध्या भोकाला एवढ्या खर्चाची गरज सहसा नसते.

आमचे मत विचाराल तर, धातू की प्लास्टिक यापेक्षा जाळी मागच्या शाबूत हाडावर टेकली की नाही, हे महत्त्वाचे. तेव्हा "ही जाळी तुम्ही नेहमी बसवता का?" असे डॉक्टरांना विचारावे. त्यात संकोच कसला?

पैशाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया व जाळी बसते का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चेहऱ्याच्या हाडांचे सर्जन असतात. दातांचा दवाखाना म्हणून लोक तिकडे फिरकतच नाहीत.

हाड मोडल्यावर आणि शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नाक शिंकरू नये. हवा डोळ्यामागे शिरते. गाल व वरचा ओठ बधिर वाटला तर घाबरू नका, तिथली नस दुखावलेली असते. बहुतेकांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो. पण शस्त्रक्रियेनंतर डोळा एकाएकी ठणकू लागला, बाहेर आला किंवा दिसणे कमी झाले, तर रात्र असो की पहाट, त्याच घडीला डॉक्टरांना उठवा.