श्रद्धा, दिलासा आणि घरची बोली

श्रद्धा मनाला स्थैर्य देते. परंतु तिचा दिलासा कोणत्या भाषेतून पोहोचतो, हे भाषाभ्यासकाने पाहिले पाहिजे. वसईचे उदाहरण घ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) तेथील अनेक कॅथलिक घरी सामवेदी, वाडवळी बोलत. चर्चमध्ये मात्र मिस्सा लॅटिनमध्ये ऐकत. परिषदेनंतर उपासना मराठीत आली आणि ‘प्रीती’, ‘सांत्वन’, ‘शांती’ हे शब्द रोजच्या सुखदुःखाशी जोडले गेले. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’द्वारे तोच आशय सुगम मराठीत आणला. तथापि शोकाच्या घडीला आजी नातवाला धीर देते, तो बोलीतच. बोली लोपल्यास दिलाशाचा सर्वांत जवळचा शब्द हरवतो. आपल्या घरी अशा प्रसंगी कोणते शब्द योजले जातात, याची नोंद करा.