गुडघे धरले म्हणून अंथरूण धरू नका

"वय झालं, गुडघे दुखायचेच," म्हणत आमच्या आईने तीन वर्षे काढली. सारा जन्म तिने लोकांची धुणीभांडी केली, फरशा पुसल्या. पुढे ती दिवसभर पाणीच पिईना. कारण विचारले तर सांगेना. शेवटी सुनेजवळ बोलली, "संडासला बसलं की उठता येत नाही गं." तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

कुणी सांगितले म्हणून बिननावाच्या पुड्या आणल्या. आठ दिवसांत आई चालू लागली. आम्ही खूश! पण दोन महिन्यांत तोंड सुजले, साखर वाढली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. कुणी बरेच दिवस त्या घेत असेल तर एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडाव्यात.

हे दुखणे आहे तरी काय? हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजते, भोवतालचे स्नायू दुबळे होतात आणि सांधा दुखतो. पन्नाशीनंतर, त्यातही बायकांत, हे अधिक आढळते. वर्षानुवर्षे उकिडवे बसून व ओझी उचलून काम करणाऱ्यांना धोका जास्त.

खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. कधी नुसता गुडघाच दुखतो. तरुण माणसाचा खुबा दुखत असेल तर मुळीच थांबू नये. अति दारूने किंवा स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकते.

सकाळी आखडलेले सांधे अर्ध्या तासात मोकळे होत असतील तर बहुधा झीज असते. तासाहून जास्त आखडून राहत असतील, हाताची बोटेही सुजत असतील तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी असतात व लवकर सुरू करावी लागतात. सांधा एकाएकी लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरी काय करावे? खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजा, सावकाश खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. थोडे दुखले तरी भिऊ नका. स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो. वजन जास्त असेल तर कमी करा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका; पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते.

एवढे करूनही चालणे, झोपणे कठीण झाले तर ऑपरेशनचा विचार करावा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये व कर अशी ठरली. दवाखान्याचा खर्च त्याहून वेगळा. म्हणून सांध्याची किंमत बिलात वेगळी लिहून मागावी. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना योजनांविषयी विचारायला लाजू नये.

आईसाठी आम्ही भोक असलेली संडासची खुर्ची आणली. आता ती पोटभर पाणी पिते, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. बंधू-भगिनींनो, आपल्या घरातली म्हातारी माणसे दुखणे सांगत नाहीत. आपणच विचारायला हवे.