सत्तावीस महिन्यांची चढण

हैदराबादच्या विद्यानगरात मुलांना वर चढवणारी एक वाट घरोघरी पाठ आहे. शेजारच्या नल्लकुंट्यात चुक्का रामय्यांचे आयआयटी क्लास असे नावाजले की त्या क्लासात शिरायलाच प्रवेश परीक्षा द्यावी लागे. आज सहावी-सातवीतच ‘फाउंडेशन’ सुरू होतं. नेमक्या याच वयात गळ्यात स्कार्फ बांधून चढायची दुसरीही एक वाट आहे. तिचं राज्य कार्यालय दोमलगुड्यात, म्हणजे तसं हाकेच्या अंतरावर. पालकांना मात्र ती आठवते ती प्रमाणपत्र हवं असतं तेव्हा.

भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये दहाव्या वर्षी मूल स्काउट किंवा गाइड होतं. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रवेशाला किमान तीन महिने, प्रथमला सहा, द्वितीयला आणि तृतीयला नऊ-नऊ. बेरीज सत्तावीस महिने. सहावीच्या जूनमध्ये आलेलं मूल आठवीत दिवाळीच्या आधी तृतीयपर्यंत पोचू शकतं, तेही एकदाही अडखळलं नाही तर. घाई करणाऱ्यांना हे महिने जाचतात. माझ्या मते या योजनेतलं सगळ्यात शहाणं कलम हेच.

कारण तपासायचं असतं ते हाताचं काम. प्रथम सोपानातली रीफ नॉट घ्या. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दुसऱ्या वेळीही उजवंच वर घेतलं तर गाठ दिसते जवळपास तशीच, पण ताण पडला की सरकते. वहीत आकृती काढून पूर्ण गुण मिळवणारा मुलगा इथे पकडला जातो. द्वितीय-तृतीयकडे जाताना बांबू जोडायची लॅशिंग, होकायंत्र, नकाशा, प्रथमोपचार, उघड्यावरचा स्वयंपाक येतो. चूल पेटली नाही तर त्या दिवशी संघ उपाशी. शेरा मारायला मास्तर लागत नाही. सहा-आठ मुलांच्या संघात संघनायक धाकट्यांना शिकवतो आणि त्यातच स्वतः पक्का होतो.

आरंभी भारतीय मुलांना या खेळात जागाच नव्हती. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांचा ब्राउनसी बेटावरचा तळ 1907 चा, बंगळूरचं पथक 1909 चं. पण इथली सुरुवातीची पथकं गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांची. 1916 मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. हे प्रवाह 7 नोव्हेंबर 1950 रोजी एकत्र आले. गाइड्स पुढच्या वर्षी. कब या धाकट्या मुलांच्या विभागातली अकेला, बल्लू ही नावं मात्र किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या सिवनीच्या जंगलातून आलेली, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारून.

आता अडचणीकडे. हैदराबाद हे रेल्वेचं शहर. दक्षिण मध्य रेल्वेला संघटनेत राज्यासारखाच दर्जा आहे, आणि रेल्वे भरतीत स्काउट-गाइड कोटा आहे. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार फार मोलाचा. महाराष्ट्रात दहावीच्या सवलतीच्या गुणांमुळे राज्य पुरस्काराला भाव आला. नोकरी मिळावी यात गैर काही नाही. रेल्वे कॉलनीतल्या घराला तिचं मोल आपण शिकवायला नको. पण मग मधले सोपान शिबिराच्या दोन दिवसांत ‘उरकले’ जातात आणि लॉगबुक एका रात्रीत भरतं. गाठ कुणी ओढून पाहत नाही.

त्यातून दहावी आली की स्कार्फ कपाटात जातो. वास्तविक पंधरा ते पंचवीस वयासाठी रोव्हर आणि रेंजर विभाग आहे, त्याचे प्रवीण, निपुण असे वेगळे टप्पे आहेत. विद्यानगरच्या पुढचंच लोकल स्टेशन उस्मानिया विद्यापीठाचं. तिथल्या कॉलेजांतल्या मुलांनी शाळेतल्या पथकांना आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तर गाठ ओढून पाहायला हात मिळतील आणि स्काउटमास्तरांवरचा भार निम्मा होईल.